दोनच्या वर्गमुळावरचं आपलं भांडण

वयनी,

शेगडीजवळचा कोपरा कालपर्यंत पुसलेला नव्हता. तुला शिवनाथ नदीच्या काठावर पोचवून माणसं परत आली, तोवर शेजारच्या बायांनी सगळं क्वार्टर धुऊन काढलं होतं. दोन्ही खोल्या, व्हरांडा, मोरी. शेवटी बादली घेऊन त्या स्वयंपाकघराकडे वळल्या, तशी माय उठली आणि दारात उभी राहिली. "तेवढं राहू द्या," म्हणाली. बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. मीही पाहत राहिले, कारण त्या कोपऱ्यावरून तुला सगळ्यात जास्त कोणी बोललं असेल तर ती मायच. "घर हाय का शाळा हाय," हे रोज सकाळी झाडताना ती ऐकवायचीच.

त्या कोपऱ्यात तुझ्या हातचं गणित होतं. अर्धं. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दुपारी तू ते लिहीत होतीस. डोळे पिवळे पडलेले, अंगात कणकण, तरी उकिडवी बसून फरशीवर खडू चालवत होतीस. मी म्हटलं, पड जरा. तू मान वर न करता म्हणालीस, "थांब वो पमे, सापडून राहिलं." तुझं माझ्याशी शेवटचं धड बोलणं ते. दवाखान्यात बोललीस ते सगळं तापातलं होतं, त्यात तुझ्या लेकीचं, बेबीचं नाव होतं, तुझ्या आईचं होतं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण कावीळ फार वर गेली होती. माझ्या वाट्याला तुझे एवढेच शब्द आले, सापडून राहिलं.

हे तू वाचलं असतंस तर आधी माझ्या मराठीलाच हसली असतीस. कॉलेजच्या वाचनालयात मासिकं वाचून वाचून माझं असं झालं, घरात मले-तुले आणि कागदावर मला-तुला. "पुण्याची झाली काय वो तू," म्हणायचीस. हस आता पोटभर. मला चालेल.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आपण पोलाद कारखान्याच्या कॅम्पात, टिनाच्या खोलीत राहत होतो. कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा जमिनीवर पडलेला होता. लाल धूळ भांड्यात, केसात, वाळत घातलेल्या लुगड्यावर. तू भंडाऱ्याहून इंटर पास होऊन आलीस आणि पेटीत साड्यांच्या खाली बीजगणिताचं पुस्तक घेऊन आलीस. माझ्या भावाला ते ठाऊक होतं, मायला नव्हतं. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि गोंदियाकडचं एक स्थळ माझ्यासाठी जवळजवळ ठरलंच होतं.

तू मायशी भांडली नाहीस. भाजी निवडता निवडता बोलणं काढलंस. मला पुढं शिकायचं आहे, पण सुनेनं रोज बस धरून दुर्गच्या कॉलेजात जाणं लोकांच्या डोळ्यावर येईल. त्यापेक्षा पमीला पाठवा. ती तिथं शिकेल, घरी येऊन मला शिकवेल, मी बाहेरून परीक्षेला बसेन. एकीच्या जाण्यायेण्यात दोघींचं होऊन जाईल. माय स्वभावानं जुनी, पण गावचे सगळे धम्मदीक्षा घेऊन आले तेव्हापासून शिकण्याला नाही म्हणायचं तिनं सोडून दिलं होतं. ती एवढंच म्हणाली की दोघींचं डोकं फिरलं तर मला सांगायला येऊ नका. गोंदियाचं स्थळ गेलं आणि मी बसमध्ये बसले. हे तू माझ्यासाठी मागितलंस की स्वतःसाठी, हे तुला विचारायचं राहून गेलं. मला वाटतं, विचारलं असतं तर तू मलाच उलट विचारलं असतंस.

मी इंटर होईपर्यंत तू थांबलीस, मग बी.ए.ला गणित घेतलंस, कारण बी.एस्सी.चे प्रयोग घरी बसून होत नाहीत. मी बी.एस्सी.ला. गणिताची पुस्तकं दोघींना तीच. आमचे बंगाली सर इंग्रजीतून शिकवायचे, पोरांचे चेहरे पाहून हिंदीत उतरायचे आणि मी ते सुपेल्याच्या चौकात बसमधून उतरून घरापर्यंत चालताना आपल्या बोलीत लावत यायची. दार उघडलं की शेगडीवर चहा ठेवलेला असायचा. माय आणि बेबी आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. भाऊ ठेकेदाराकडे मार्कर आहे, लोखंडाच्या प्लेटा कुठे कापायच्या त्याच्या रेघा मारतो. त्या कामाचा चपटा पांढरा खडू झिजून बोटाएवढा उरला की तो खिशात घालून आपल्यासाठी आणायचा. तो खडू, ती फरशी आणि तुझं ते एक "कावून?".

काय छळलं आहेस मला त्या शब्दानं! कॉलेजात सगळे जे मान्य करून पुढच्या ओळीवर गेलेले असत, तिथं तू पदर खोचून बसायचीस. कावून? का म्हणून? या ओळीतून ती ओळ कशी आली? मी म्हणायची, सरांनी लिहिली. तू म्हणायचीस, सर आपल्या घरी राहून राहिले काय? मग मला पुन्हा मागं जावं लागायचं, आणि मागं गेल्यावर कळायचं की मलाही ते कळलेलं नव्हतं, मी फक्त उतरवून आणलं होतं. तुला शिकवता शिकवता मी शिकले. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

आपला नियम होता, सुटलं की पुसायचं, आणि सुटत नाही तोवर त्यावर ओला फडका फिरवायचा नाही. म्हणून माय कोपरा सोडून पुसायची आणि बडबडायची. दूध घालायला येणारी राऊताइन तर पहिल्या दिवशी थबकलीच. "का लिखे हस ओ बहू, मंतर ए का?" म्हणाली आणि हात जोडून बाजूनं गेली. नंतर तिनं सगळ्या लाइनीत सांगितलं की मार्करच्या घरात बाई रोज मंतर लिहिते, म्हणून तो उंचावर काम करूनही सुखरूप घरी येतो. मला हसू आवरेना. तिला खरं सांग म्हटलं तर तू म्हणालीस, राहू दे, निदान त्याच्यावर पाय तर पडत नाही.

तुझी ती पहिली जीत आठवते? मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे सरांनी उलट्या रीतीनं सांगितलं होतं. समजा संपतात, आणि मग पुढं. तू ते दोन दिवस घोळवलंस. मग म्हणालीस, समजा म्हणायची गरजच काय? हातात असतील तेवढ्या मूळ संख्या घे, एकमेकींना गुण, एक मिळव. जे येईल त्याला भागणारी एखादी मूळ संख्या असेलच, आणि ती हातातली नसणार. झाली नवी. पुन्हा कर, पुन्हा नवी. कोणी संपतात म्हटलंच नाही, तर खोडायचं कशाला? मी ते सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ये किसने बताया?" मी म्हटलं, भाभीने. ते म्हणाले, एक दिवस त्यांना वर्गात घेऊन ये.

आणि तू आलीस. मायनं स्वतः तुझं पांढऱ्या काठाचं लुगडं काढून दिलं. मुलींच्या बाकावर तू माझ्या शेजारी बसलीस, पाठ ताठ, हात मांडीवर. मी तासभर वाट पाहिली की आता विचारशील, आता विचारशील. सरही दोनदा आपल्या बाकाकडे पाहून थांबले. तू तोंड उघडलं नाहीस. परत येताना बसमध्ये मी इतकी चिडले होते की तुझ्याकडे पाहिलंही नाही. सुपेल्याच्या बाजारात उतरलो. तिथं कारखाना उभारायला आलेल्या रशियन लोकांपैकी एक बाई भाजीवालीपुढे उभी होती, हातात वांगं धरून, बोटांनी, भुवयांनी काहीतरी विचारत होती, आणि भाजीवालीही तिला बोटांनीच समजावत होती. तू उभी राहून पाहिलंस. म्हणालीस, पाहा, ती थांबून विचारते, भाजीवाली थांबून सांगते. तुमच्या वर्गात कोणी थांबतच नाही, सगळे लिहून राहिले होते. तिथं कावून म्हटलं असतं तर सगळ्यांच्या लेखण्या अडखळल्या असत्या. मग हळूच म्हणालीस, आपला कोपराच बरा. मला तेव्हा ते पटलं नाही. मला वाटलं तू भ्यालीस. अजूनही मला थोडंसं तसंच वाटतं, आणि त्यावर तू आता काय बोलणार ते मला कळणार नाही.

पण आपलं खरं भांडण दुसरंच होतं. दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही, याची सिद्धता. सगळीकडे ती एकाच रीतीनं करतात. समजा, लिहिता येतं. तसं धरून चालत जायचं, आणि शेवटी अशा जागी पोचायचं की आपलंच बोलणं आपल्याला खोडून काढतं. मग म्हणायचं, धरलं होतं ते चूक. मला ही रीत फार आवडायची. तू चहा गाळत म्हणालीस, "जे नाही ते हाय म्हणून कावून धराचं?"

मी म्हटलं, नाही हे दाखवायचं तर आधी आहे असं धरूनच पाहावं लागतं. जे नाहीच त्याला हात कुठे लावणार? तू म्हणालीस, मूळ संख्यांचं सरळ निघालं, याचंही निघेल. मी म्हटलं, नाही निघणार, तिथं काहीतरी बनवायचं होतं, इथं नुसतं 'नाही' म्हणायचं आहे. तू म्हणालीस, "रस्ता असन वो. आपल्याले दिसला नाही." दोन वर्षं हे चाललं. भाकरी भाजताना, बेबीला न्हाऊ घालताना. भाऊ जेवायला बसला की म्हणायचा, आज कोणाचं राज्य आहे ते आधी सांगा.

तू गेल्यावर काय झालं, माहीत आहे? माझीच रीत माझ्या मानगुटीवर बसली. मी सकाळी उठायची ती, समजा वयनी आहे, असं धरूनच उठायची. त्याच्यावर पुढच्या ओळी आपोआप यायच्या. दुपारी दोन कप काढायची, ओतायची. तुझा कप कोणी उचलायचं नाही. तिथं विसंगती यायची. कप धुऊन पालथा घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून.

तुझ्या जलदान विधीला भंडाऱ्याहून आत्या आली. भावाच्या कामावरची माणसं पांढरे कपडे घालून आली, त्यांनी वंदना घेतली. बेबी सगळ्यांच्या मांडीवरून फिरत होती आणि तुझ्या फोटोकडे बोट दाखवून आई म्हणत होती. जेवणं आटोपल्यावर आत्यानं विषय काढलाच. "लेकरू कोन पाहीन? पोट्टीचं कॉलेज बंद करा आता." ती वाईट बाई नाही. तिनं स्वतः आपल्या दिराची लेकरं वाढवली आहेत, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. भाऊ मान खाली घालून बसला. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होळीनंतर आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तुझीही तेव्हाच होती. मी मायकडे पाहिलं. माय काही बोलली नाही. आमच्या घरात मायचं न बोलणं म्हणजे होकार.

मला आत्याचा राग आला, भावाचा आला, आणि खोटं कशाला सांगू, तुझाही आला. हे एकीच्या जाण्यायेण्यात दोघींचं होणार होतं. आता एकीचंही होईना. आणि रात्रभर बेबी कुशीत घुसायची तेव्हा वाटायचं, जाऊ दे, काय करायची ती डिग्री, कोणाला शिकवायचं आहे घरी येऊन? मी कॉलेजला जाणं सोडलं. कोणी सोड म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही.

त्या दिवसांत मी तुझ्या कोपऱ्याजवळ जाऊन बसायची. अपूर्णांकाच्या अंशाला p, छेदाला q म्हणत फरशीवर डावीकडे तू p ला p नं गुणलं होतंस, आणि खाली लिहिलं होतंस, 'यात दोन किती वेळा?' त्याच्यापुढे, 'सम'. उजवीकडे q ला q नं गुणून त्याला आणखी दोननं गुणलं होतंस. त्याच्याखाली तोच प्रश्न. पुढं कोरं.

वयनी, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला रस्ता खरंच सापडला होता. एक शब्द लिहायचा राहिला होता. तो मला लिहिता आला असता, पण लिहिला असता तर सुटलं असतं, आणि सुटलं असतं तर पुसावं लागलं असतं. म्हणून मी खडूला हात लावला नाही.

काल दुपारी मी व्हरांड्यात नुसती बसले होते. मायनं आतून हाक मारली. गेले तर ती तुझ्या जागेवर बसलेली, भिंतीला टेकून, पुढ्यात सूप, सुपात लाखोरीच्या कडधान्याचे दाणे, शेजारी बेबी. इतक्या वर्षांत माय त्या जागी कधी बसलेली मी पाहिली नव्हती.

"सांग," म्हणाली.

"काय सांगू?"

"हे. काय लिवलं हाय तिनं?"

मायला अक्षर येत नाही. मी उडवून लावल्यासारखं सांगितलं, एक संख्या आहे, ती अपूर्णांकात मावत नाही, ते वयनी दाखवत होती. मला वाटलं, झालं, आता ती दाणे निवडायला लागेल.

"कावून?" माय म्हणाली.

आम्ही समजायचो ती आतल्या खोलीत झोपलेली असते. ती ऐकत असायची. या जागेवर बसलेल्या बाईनं काय विचारायचं असतं, ते तिला पाठ होतं.

मग मी खाली बसले. सुपातले दाणे घेतले. म्हटलं, माय, कोणतीही संख्या घे. तिला दोननं जितक्या वेळा भाग जाईल तितके दाणे मांडू. आता तीच संख्या तिलाच गुणायची, म्हणजे तितकेच दाणे पुन्हा, समोरासमोर. इकडच्या प्रत्येक दाण्याला तिकडे एक जोडीदार. मायनं बोट फिरवून पाहिलं. बरोबर, म्हणाली. मग मी उजवीकडचा ढीग मांडला, म्हटलं, वयनीची संख्या अपूर्णांकात मावायची तर हे दोन्ही ढीग सारखे यायला हवेत. इथंही तसंच, जोडी जोडीनं. पण इथं वरून आणखी एकदा दोननं गुणलं आहे. आणि एक दाणा मी बाजूला ठेवला.

मायनं तो दाणा उचलला, डाव्या ढिगाजवळ नेला, उजव्याजवळ नेला, परत जागेवर ठेवला. बेबीनं हात घातला तर तिनं तो धरून ठेवला.

"याले जोडी नाही."

"नाही."

"मंग हे दोन ढीग सारखे कधीच होनार नाही. कितीबी मोठे घे."

"नाही होणार, माय."

"मंग लिव ना तसं."

मी खडू घेतला. तुझ्या अक्षरांपुढे माझ्या अक्षरात लिहिलं, 'विषम'. अक्षर वाकडं आलं. एवढंच राहिलं होतं. कुठेही समजा नाही. दोन ढीग समोर ठेवायचे आणि पाहायचं.

माय उठली, मोरीतून फडका पिळून आणला आणि माझ्यापुढे धरला. तुमचाच कायदा आहे ना, म्हणाली, सुटलं की पुसायचं. मला होईना. मी म्हटलं, राहू दे, एवढं राहू दे. मायनं फडका माझ्या हातात दिला आणि स्वतः दाणे गोळा करत बसली. मी पुसलं, वयनी. आधी माझं अक्षर, मग तुझं. रडत रडत पुसलं. फरशी लवकर वाळली.

मग ती म्हणाली की बेबीला ती पाहील, आणि आत्याला काय कळवायचं ते तीच भावाकडून कळवेल. "उद्यापासून कॉलेजात जाजो. जे शिकवतीन ते मले येऊन सांगजो. मले समजो का नाही समजो."

आज गेले होते. सर मागचे राहिलेले धडे घ्यायला थांब म्हणाले. सुपेल्याला उतरले आणि घरापर्यंत सगळं आपल्या बोलीत लावत आले, सवयीनं. माय तुझ्या जागेवर बसली होती. मी दोन कप काढले, दोन्ही प्यायले गेले. दुसऱ्याच ओळीला तिनं मला अडवलं.

वयनी, तू जिंकली. समजा म्हणाचं काम नाही. तू नाही, हे मले आता सरळ दिसून राहिलं.